आठवी गाडी

सात ट्रक बघून झाले होते आणि थोरल्याने सातही नाकारले होते. एकाचा धूर निळसर, म्हणजे इंजिन ऑइल पितंय. दुसऱ्याचे पुढचे टायर एकाच अंगाने झिजलेले. तिसऱ्याचं इंजिन मालकाने आधीच तापवून ठेवलेलं. "थंड इंजिन सुरू करून दाखवायची ज्याची छाती होत नाही, त्याची गाडी घेऊ नये," एवढं बोलून तो चालता झाला होता. उरलेल्या चारांत मात्र त्याने नुसती खुसपटं काढली. भावजय प्रत्येक वेळी शेजारी उभी राही, मुकाट्याने बघे, आणि पुढच्या यार्डाची वाट धरी.

धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले होते. लांब पल्ल्याच्या भाड्यावर, लोखंडी पाइप घेऊन घाट उतरताना त्याचा ट्रक कठडा फोडून खाली गेला. ट्रेलर तेवढा सुटून वरच अडकला. आता तो घरासमोर उभा होता, ओढायला गाडी नसलेला. घरात दोन पोरं. भावजयीने ठरवलं, ट्रेलर विकायचा नाही, चांगला जुना ट्रक घ्यायचा. पारख थोरल्याची, आयुष्य गाड्यांखाली दुरुस्त्या करण्यात गेलेला माणूस.

आठवी गाडी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची होती. क्लच दाबून दाबून त्याचा गुडघा गेला होता, म्हणून विकत होता.

"बायकोपेक्षा हिच्यासोबत जास्त राहिलोय," तो म्हणाला. "दोघींनी कधी तक्रार केली नाही. म्हणजे बायकोने केली असेल, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आली नाही."

भावजय चार महिन्यांत पहिल्यांदा जराशी हसली.

इंजिन थंडगार होतं आणि पहिल्याच चावीला सुरू झालं. थोरला हातात बॅटरी पेटवून गाडीखाली सरपटला. हातोडीने चासीचा लोखंडी सांगाडा ठोकत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळीकडे एकच खणखणीत आवाज. ट्रेलर जोडायची ताटली सारखी घासलेली, कुठे खड्डा नाही. मग यार्डातला एक भरलेला ट्रेलर मागे लावून म्हाताऱ्याने गाडी गावाबाहेरच्या उतारावर नेली. थोरला शेजारी, भावजय मागच्या बाकावर. निम्म्या उतारावर म्हाताऱ्याने ब्रेकवरचा पाय उचलला. इंजिनाने घुमत सगळं वजन तोलून धरलं. थोरल्याने मात्र समोरची दांडी इतकी घट्ट धरली होती की त्याची बोटं पांढरी पडली.

यार्डात उतरल्यावर तो म्हणाला, "नको ही."

"का? काय खोट आहे?"

"मन घेत नाही."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. भावजय थोरल्याला टायरांच्या ढिगाआड घेऊन गेली. "भाऊजी, खोट असती तर तुम्ही सांगितली असती. खरं बोला."

त्याने हातोडी टायरांवर ठेवली. मग खाली बघूनच बोलला.

"धाकट्याची ती गाडी घेतली ना, तिच्या चासीवर हातभर ताजा रंग होता. बाकी सगळी गंजलेली, तेवढाच पट्टा काळा कुळकुळीत. मी नखाने खरवडला. खाली वेल्डिंग होतं. चासी एकदा तुटून सांधलेली."

ती एक पाऊल जवळ आली.

"तो वर केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवत होता. पंधरा वर्षं लोकांच्या गाड्या हाकल्या त्याने, पहिल्यांदा स्वतःची घेत होता. मला तोंड उघडवेना. म्हटलं, टिकेल. महिन्याभरात आतून लोखंडी पट्टी मारून घेऊ. मग आज, उद्या करत राहूनच गेलं."

"त्यांना सांगितलं होतं?"

"नाही."

"नंतर मला?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"सगळे म्हणाले, डुलकी लागली असेल," ती हळू आवाजात म्हणाली. "मीही तेच धरून बसले. पोरांचा विचार न करता झोपलात कसे, म्हणून त्यांच्या फोटोसमोर बोटं मोडली. चार महिने. आणि तुम्ही तिथेच बसून ऐकत होतात."

"मला वाटायचं, सांगावं—"

"पुरे."

ती रडली नाही. सरळ म्हाताऱ्याकडे गेली. "गाडी घेते मी. घरापर्यंत आणून द्याल?"

"तेवढं जमेल गुडघ्याला. तुमचे दीर?"

"ते नाही येणार."

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत थोरला तिथेच उभा होता. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

तिने चांगला ड्रायव्हर ठेवला. गाडी आजवर कुठे अडली नाही, असं गॅरेजवाला सांगतो. थोरला त्याच्याकडूनच खबर काढतो. गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांनी तो एकदा तिच्या घरी गेला होता. पोरं "काका" म्हणत धावत आली. तिने दोघांना आत बोलावलं, त्याला तांब्याभर पाणी दिलं, आणि तो पिऊन होईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. बसा म्हणाली नाही. त्याने पाणी संपवलं, तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि निघाला. त्यानंतर तो त्या गल्लीत गेलेला नाही.