पोर्तुगालची रंगीत तालीम

माझ्या विश्वेश मामानं पोर्तुगालात डोंगरावर जमीन घेतली. तिथं लाईट नाय, नळ नाय, रस्ताबी अर्धाच. दगडाची एक खोली हाय, तिला छत नाय. मामा नाशकात कॉम्प्युटरवर बसतो, खिळा ठोकायचा तरी आधी मोबाईलवर बघतो. म्हणून म्हणाला, मैना, सहा महिने चल, आपण घर उभं करू. मी जागेवरच गरागरा फिरले. हातातलं ताट कुठं गेलं ते आईला विचारा, तिच्याच पायावर पडलं.

आई ढिम्म. मी दहावीत शाळा सोडली ते तिच्या डोक्यातून जात नाय.

"हेबी अर्ध्यात टाकून येशील," म्हणाली.

मग तिनंच अट घातली. आधी इथं दिंडोरीत, आपल्या द्राक्षबागेच्या कडेला तसंच घर करून दाखवा. तारेची लाईट नाय, मोटारीचं पाणी नाय. मामाला म्हणाली, मी येऊन आंघोळ करणार. पाणी कढत मिळालं तर पोरगी तुझी.

आई मे महिन्यातबी कढत पाणी घेते. तिच्या लेखी घर म्हणजे गरम पाणी, बाकी सगळी सजावट.

लागलो कामाला. पत्र्याची खोली जुनीच होती. जनावरं हाकलायला कुंपणाला झटका मशीन होतं, त्याचं सोलर काढून बल्ब लावला. संडासाला पाणी नाय, वरून भुसा टाकायचा. मामानं त्याला नारळ फोडला. आमची भांडणं रोज. एकदा मी चिडून पक्कड बागेत भिरकावली आणि मग अख्खी दुपार दोघं वेलींखाली रांगत ती शोधत होतो, हसून हसून पोट दुखलं.

राहिलं गरम पाणी. चूल नको, मामा म्हणाला, तिकडं उन्हाळ्यात जंगलाला आग लागते. म्हणून ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या पत्र्यावर वेटोळं करून टाकल्या. वर मचाणावर टाकी, ती बादल्यांनी भरायची, ऊन पाणी तापवणार. नळ्यांना जुनी भोकं होती, त्यांना बारीक बुचं मारली. सकाळी टाकी सोडून बघितलं, थेंब गळला नाय. आम्ही दोघं बागेत नाचलो.

दुपारी आई आली. टॉवेल, साबण, शिकेकाईची पुडी. पाहणीला आलेल्या साहेबासारखा बल्ब बघितला, भुसा हुंगला. मग पत्र्याच्या उताराखाली शेडनेटचा आडोसा केलता, त्यात शिरली.

टक.

मी वर बघितलं. उन्हानं नळी मऊ पडलेली आणि बुचं लाह्यांसारखी उडत होती. टक, टक, टक. भोकाभोकातून पाणी फुटलं, पत्र्याच्या पन्हळीतून धावलं आणि सरळ आडोशात, आईवर.

माझं डोकं सटकलं. मामाला नको ते सगळं म्हटलं, त्याच्या डिग्रीलाबी सोडलं नाय. तो शिडी घेऊन धावला. माझं पोर्तुगाल वाहून चाललेलं मला डोळ्यानं दिसत होतं. आणि आत आई गप. आई गप म्हणजे संपलंच.

मग आतून आवाज आला.

"विशू, शिडी खाली ठेव. एक बूच लावलंस तर बघ. अजून डोकं धुवायचंय मला."

मामानं शिडी खाली ठेवली. आत आई गुणगुणत होती. माझी आई! मी तिला कुणाच्या लग्नातबी गुणगुणताना ऐकलं नाय.

बाहेर आली ती लालबुंद, डोक्याला टॉवेल. खाटेवर उन्हात बसली, केस सोडले. आमच्याकडं बघितलंबी नाय.

"तिकडं खोबरेल मिळतं का रे?"

मामा येडा हाय. त्यानं मोबाईल काढला आणि शोधायला लागला. मला मात्र कळलं. मी शिडी लावून पत्र्यावर चढले, राहिलेली बुचं उपसून बागेत फेकली आणि उतरून कपड्यांसकट त्या पाण्याखाली उभी राहिले. पाणी खरंच कढत होतं.

"दोन बाटल्या घेऊन जा," आई खाटेवरून ओरडली, "आणि केस पूस आधी."