माझ्या पोटातली अळी

मी भुंगा बोलतोय. मेलेला आहे, तरी बोलतोय. यात माझाच गोंधळ आहे, तेव्हा तुमचाही झाला तर राग मानू नका.

माझा जन्म कवठे महांकाळच्या एका द्राक्षबागेतला, वेलाच्या खोडातला. आतून खोड पोखरत वाढलो. माणसं मला खोडकिडा म्हणतात आणि शिव्या घालतात. बाहेर पडलो, शेडच्या दिव्यावर आपटलो आणि खाली मरून पडलो.

सकाळी ब्राह्मीने मला उचललं. ती तेव्हा सांगलीच्या कॉलेजात शिकत होती. जैनाघरची लेक. परीक्षेसाठी किडे जमवायचे होते. बाकीची पोरं ते बाटलीत कोंडून मारत. ही म्हणाली, "सर, मी मेलेलेच आणणार." मग रोज दिव्यांखाली वाकून हिंडायची.

तिने माझ्या उजव्या पंखातून टाचणी घातली, पाय पसरले, मिशा कुंचल्याने सरळ केल्या, खाली गावाची चिठ्ठी लावली. जिवंतपणी एवढे लाड कुणी केले नव्हते. पेटीत डांबरगोळ्याही ठेवल्या, किड्यांना किडे लागू नयेत म्हणून. हे काही मला अजून उमगलेलं नाही.

पुढे ब्राह्मी तिथेच शिकवू लागली आणि कॉलेजचं संग्रहालय तिच्याकडे आलं.

परवा जोतीराम नावाचे बागायतदार बरणीत भुंगे घेऊन आले. "म्याडम, बागंत लय झाल्यात. खोडकिडाच हाय न्हवं? सांच्याला समद्या बागंवर औषध मारतो."

ब्राह्मीने मला त्या बरणीशेजारी धरलं, भिंगातून बघितलं. "नाही काका. याच्या मिशा बघा, अंगापेक्षा लांब. तुमच्या भुंग्यांच्या आखूड आहेत. हे शेणखतातले भुंगे. वेलाला काही करत नाहीत."

"मंग औषध नगं?"

"नको."

ते बरणी घेऊन निवांत गेले. जिवंतपणी मी वेल खाल्ला, मेल्यावर बाग वाचवली. यातला खरा मी कोणता, कोण जाणे.

मला परत ठेवताना पोटाखालून तपकिरी भुकटी सांडली. ब्राह्मीचा चेहरा उतरला. डांबरगोळ्या कधीच विरून गेल्या होत्या आणि पेटीत वाळके किडे खाणाऱ्या बारीक अळ्या झाल्या होत्या. एक माझ्या पोटातच होती. उपाय एकच, पेटी प्लास्टिकमध्ये बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. गारठ्याने अळ्या मरतात.

दिवस मावळायच्या आत लेकीने जेवावं म्हणून तिची आई चंदनबाला डबा घेऊन आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मेलेल्यापायी जित्ती मारणार व्हय गं?"

ब्राह्मी कुंचल्याने एकेक अळी टिपून वाटीत घेऊ लागली, बाहेर सोडायला. थोड्या वेळाने आईनेही चष्मा लावला आणि दुसरा कुंचला उचलला. दिवस मावळला. जैनांत रात्री जेवत नाहीत, तेव्हा दोघींचं जेवण उद्यावर गेलं.

माझ्या पोटातली मात्र निघेना.

"हिला काढायची तर हा फुटेल," ब्राह्मी म्हणाली. "हा गेला तर पुढच्या शेतकऱ्याला काय दाखवू? उगाच सगळ्या बागेवर विष पडेल."

आईने कुंचला खाली ठेवला. ब्राह्मीने हात जोडले. जैन माफी मागताना म्हणतात तसं "उत्तम क्षमा," म्हणाली. मला म्हणाली की अळीला, कळलं नाही.

सध्या मी फ्रीजरमध्ये आहे. खरं सांगतो, मला त्या कुरतडण्याची सवय झाली होती. मीही असाच वेलाच्या पोटात बसून खायचो. त्या अळीवर रागावू तरी कसा?

आता कुरतडणं थांबलंय. मी वाचलो म्हणे. वाचकहो, कधी संग्रहालयात आलात तर काचेतून नुसतं मला बघून जाऊ नका. माझ्या पोटात तीही आहे, आणि तिच्या नावाची चिठ्ठी कुणी लावलेली नाही.