तिलाही मोजा

ए, आधी पर्स ठेव खाली आणि फक्त ऐक! मध्ये बोलू नकोस.

उल्का हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिची स्पृहा पहिलीत, विश्रांतवाडीच्या एका इंग्रजी शाळेत. पोरगी वाचतच नव्हती गं! आणि पालकांच्या ग्रुपवर रोज काय? 'पहिलीत वाचलं नाही तर मूल कायमचं मागे!' उल्का रोज ते वाचून घाबरायची. त्यात शाळेनं फोनिक्सचं किट आणायचं काढलं. म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायचा. अख्ख्या पहिलीला तेच, गोष्टींचा तास बंद! किटबरोबरच्या अहवालात छापलेलं, 'संशोधनाने सिद्ध, शंभरातली पंच्याण्णव मुले वाचू लागली!' तो अहवाल तपासून पालकसभेत सही करायची होती उल्कानं, पालक समितीत आहे ना ती. तिनं पंच्याण्णव वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही. उलट नमुन्याचं किट घरी आणून पोरीला रोज त्यातल्या अक्षरांच्या कार्डांसमोर बसवलं.

सभेच्या दिवशी सकाळी वॉशिंग मशीन उघडलं, तर कपड्यांना सगळा कागदाचा लगदा! पोरीनं कार्डं आत लपवली होती. स्पृहा दाराआड उभी. "आई, ओरडू नको ना. मी वाचते. खरंच वाचते."

उल्का कंपनीच्या बसमध्ये बसली ती तो अहवाल हातात घेऊनच. शेजारी तिच्या टीममधली रुकसाना. तिनं अहवाल चाळला.

"बाई, किट कुणी बनवलं?"

"ज्यांचा हा अहवाल, त्याच कंपनीनं."

"आणि मुलांची परीक्षा?"

"...ह्यांनीच घेतली."

"वा! आपल्याकडे ज्यानं कोड लिहिला त्यालाच टेस्ट करू देतेस का? परवा त्या सलिलला केवढं झापलंस!"

"अगं, पण फोनिक्सवर चांगलं संशोधन आहे म्हणतात."

"आहेच की! फोनिक्सवर आहे, ह्या खोक्यावर नाही. किट न वापरणाऱ्या मुलांशी ताडून पाहिलंय कुठे? आणि ही खालची बारीक ओळ वाच."

'मध्येच सोडलेली मुले गणनेत धरलेली नाहीत.'

अरे देवा! स्पृहा त्यातच गेली असती! कुणी मोजलंच नसतं तिला!

संध्याकाळी सभेत उल्का उठून बोलली. "आवाजांवरून वाचायला शिकवाच. पण आधी एकाच तुकडीत किट वापरून बघा, परीक्षा बाहेरच्यांनी घ्या, गोष्टींचा तासही राहू द्या. तोवर मी सही करणार नाही."

बाकीचे पालक खाऊ की गिळू बघताहेत! मुख्याध्यापिका हेमाबाई थंडपणे म्हणाल्या, "आपल्या मुलीला जमत नाही, म्हणून?"

"हो, म्हणूनच! तिलाही मोजा."

मागून एक बाई हळूच उठल्या. "माझ्याही मुलाला मोजा." मग आणखी एक. किट थांबलं!

घाबरलेल्या आईबापाला 'सिद्ध' म्हणून काहीही खपवता येतं गं. कुणी तपासलं, कुणाशी ताडून, कोण गळलं, एवढं तरी विचारायलाच हवं ना आपण?

स्पृहा अजून अडखळतेच, आणि उल्का अजून घाबरतेच. पण आता दोघी एकच पुस्तक मांडीवर घेऊन बसतात.

तू असतीस तर? सगळे 'हो' म्हणत असताना, स्वतःचं मूल मागे राहील ह्या धास्तीत, तू केली असतीस सही?