क्लीनरची जागा

शुभांगी मॅडमनी रुमालाने खुर्ची पुसली, बसल्या आणि पपांना नेमकं तेच विचारलं.

"या मशीनला घड्याळ नाही, मीटर नाही. कॉफीचे दाणे भाजले हे तुम्हाला कळतं कसं?"

"ऐकून," पपा म्हणाले. "दाणे बोलतात की."

मागच्या महिन्यात दाणे बोलले होते आणि पपांना ऐकू आलं नव्हतं. सगळा घाणा जळून कोळसा झाला. पपांनी गॅसला दोष दिला. मी मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे स्टीलचं ताट पाडलं. ते घरंगळत पायाला लागलं तेव्हा कुठे पपा वळले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "कुणाला बोलू नको."

पपा घाटावरच्या खानापूरकडचे. मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायला आले. खाण बंद पडली तसा ट्रक विकला आणि स्कूटरला थर्मास बांधून कॉफी विकायला लागले. लोक 'घाटी आला' म्हणून चिडवायचे, तर पहिल्या दुकानावर पपांनी बोर्डच लावला, 'घाटी कॉफी'. आता डिचोली, पेडणे, मांद्रे, सगळीकडे तो बोर्ड आहे. दाणे मात्र सगळ्या दुकानांचे इथेच, मुळगावच्या शेडमध्ये, पपांच्याच हातून भाजतात. मोपाच्या रस्त्यावर मॅडमचं नवं हॉटेल होतंय, त्यात आमचं दुकान हवंय. पण आधी भाजणं बघायचं, ही त्यांची अट.

पिंप फिरायला लागलं. पपा मशीनच्या पत्र्याला टेकलेल्या लाकडी स्टुलावर बसून मॅडमच्या ओठांवर नजर ठेवून बोलत होते, जरा मोठ्यानेच. पहिली तडतड मोहरीसारखी झाली. मग शांत. यानंतरची दुसरी नाजूक असते, सुकं पान चुरगळावं तशी. ती सुरू झाली की लगेच दाणे काढायचे. जळका वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ती सुरू झाली.

पपा स्कूटरची गोष्ट सांगत होते.

वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझं तोंड मिटत नाही, असं आई म्हणते. तेच तोंड आता उघडून चालणार नव्हतं. ओरडावं तर मॅडमना कळणार. गप्प बसावं तर घाणा जाणार. भिकाजीकाका बाहेर टेम्पोतून पोती उतरवत होते. ते पूर्वी पपांच्या ट्रकवर क्लीनर होते. त्यांनीच मला सांगितलं होतं, खाणीच्या आवाजात ओरडून काय उपयोग नाही, ट्रक मागे घेताना पत्र्यावर दोनदा हात मारायचा. ड्रायव्हरला तो सीटमध्ये कळतो.

मी मशीनच्या पत्र्यावर दोनदा जोरात हात मारला.

आधी पपांचा उजवा पाय ब्रेक मारावा तसा जमिनीवर दाबला गेला. मग हाताने दांडा ओढला. दाणे परातीत पडले. तपकिरी, चकचकीत.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"ते ना मॅडम, मशीनचा पत्रा जरा सैल..."

"राहू दे गं," पपा म्हणाले. "मला ऐकू येत नाही मॅडम. ट्रकनं कान खाल्ले. आत्ता पोरीनं थांबवलं."

ते वाकून दाणे परतायला लागले.

"मुलगी कॉलेजला गेली की मग काय करणार?"

पपा दाणे परततच राहिले. मॅडमनी पुन्हा विचारलं. शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि तोच प्रश्न विचारला. मलाच विचारावा लागला.

पपांनी हात पुसले. दाराशी जाऊन हाक मारली, "भिका, सोड ती पोती. ये, बस हितं."

भिकाजीकाका स्टुलाकडे बघतच राहिले. "हय? शेट, माका फकत थांबवूक येता."

"तेवढंच कर. बाकी मी सांगतो."

"आणि चुकलंय तर?"

"चुकायचास कुठं? खाणीत एकदा तरी पाडलास काय मला?"

काका टोकावर बसले, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे. पपांनी मॅडमना विचारलं, "आणखी एक घाणा बघणार?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. काखेत घेतलेली पर्स परत मांडीवर ठेवली.

पिंप फिरायला लागलं. पपा पलीकडच्या बाजूला उभे राहिले, पत्र्यावर तळवा टेकून. बऱ्याच वेळाने आत ती दुसरी, नाजूक तडतड सुरू झाली. आम्ही तिघांनी ती ऐकली. पपा आमच्या तोंडांकडे बघत होते. काकांनी पत्र्यावर दोनदा हात मारला.