कंसातली वाक्यं

शिड्यांच्या एका कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख होता एक गलेलठ्ठ, हसतमुख माणूस. काम काय, तर तयार झालेल्या प्रत्येक घडीच्या शिडीवर त्याने नाहीतर हाताखालच्या सहा जणांपैकी कुणीतरी चढायचं, वरच्या पायरीवर दोन उड्या मारायच्या आणि शिडी टिकली की शिक्का मारायचा. शिडीवर उभा असला की गड्याच्या तोंडाला खळ नसायचा. पण मीटिंगच्या खोलीत उभं केलं की झालंच, त्याची पाचावर धारण बसायची आणि सगळं बोलणं शर्टाच्या गुंड्यांना सांगितल्यासारखं खाली जायचं. ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं पुटपुटराव.

त्यात खरेदीप्रमुखांनी टूम काढली की प्रत्येक शिडी कशाला तपासायची, शंभरातली एक तपासली की पुरे. म्हणजे विभाग बंद आणि सहाही जण घरी. बिजागरीची खीळ चाळिसातल्या एका शिडीत कच्ची निघते, हे पुटपुटरावांना उड्या मारून मारून ठाऊक झालं होतं. ती तशीच बाजारात गेली तर कुणीतरी रंगारी कंबर मोडून बसणार. हे मोठ्या साहेबांना पटवायला त्यांना सोमवारी अकराची दहा मिनिटं मिळाली होती, आणि घरी तालीम करतानाही त्यांचं बोलणं शर्टाच्या गुंड्यांनाच जात होतं.

शेवटी बायकोने त्यांना आपल्या आईच्या ताब्यात दिलं. सासूबाई नाटक कंपनीत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात वही धरायची आणि नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. भल्याभल्यांची अब्रू त्यांनी वाचवली होती, पण त्यांचा आवाज प्रेक्षकांनी कधी ऐकला नव्हता. ऐकू गेला असता तर ती त्यांची चूक ठरली असती.

मग आठवडाभर घरात नुसता धिंगाणा. मागच्या खोलीत वॉशिंग मशीन सुरू करून सासूबाईंनी लेकीला त्याच्या शेजारी बसवलं. ही शेवटची रांग, हिला ऐकू गेलं पाहिजे. ऐकू आलं नाही की ती लाटण्याने बादली बडवायची. पहिल्या दिवशी इतकी बडवली की खालच्या मजल्यावरचे काका चौकशीला आले आणि सासूबाईंनी त्यांनाही प्रेक्षक म्हणून बसवून घेतलं. खोलीत शिरताना आपल्याला समोरच्याकडून काय हवंय ते ठरवून शिरायचं, असं म्हणून त्यांनी जावयाला घराच्या दारातून अकरा वेळा आत आणलं. बाराव्या वेळी दाराची मूठच त्यांच्या हातात आली. झालं, पुटपुटराव मूठ उलटसुलट करत स्क्रू कसा झिजला, तो कुणी आणि का चुकीचा बसवला हे खणखणीत आवाजात सांगायला लागले. बादली गप्प होती.

"हेच," सासूबाई म्हणाल्या. "एवढंच करायचंय तिथे."

रविवारी त्यांनी सगळं भाषण आपल्या जुन्या रिवाजाने लिहून दिलं, वाक्यं सरळ आणि सूचना कंसात. आता प्रॉम्प्टरच्या वहीत सगळे नट 'तू'च असतात. एरवी जावयाला 'तुम्ही'शिवाय न बोलणाऱ्या सासूबाईंनी कंसात मात्र बेधडक 'तू' लिहिलं.

सोमवारी अकराला पुटपुटराव खांद्यावर एक कोरी शिडी घेऊन आत शिरले. समोर मोठे साहेब, बाजूला खरेदीप्रमुख, पलीकडे आणखी आठ चेहरे. डोळ्यांपुढे कागदावरची अक्षरं नाचायला लागली. आणि घाबरलेल्या डोळ्यांना कंस कुठले दिसायला? आवाज मात्र आठवडाभरात कमावलेला, शेवटच्या रांगेचा.

"नमस्कार. मी तपासणी विभागाचा प्रमुख. थांब. पाणी पी."

मोठ्या साहेबांना कित्येक वर्षांत कुणी अरेतुरे केलं नव्हतं. ते थांबले आणि निमूटपणे पाणी प्यायले. ते पितात म्हटल्यावर बाकीच्यांनीही पेले उचलले.

"मोठ्या खुर्चीकडे बघ. घाबरू नकोस, तोही माणूसच आहे."

साहेबांना जोराचा ठसका लागला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग साहेबच खो खो हसायला लागले आणि सगळी खोली टेबलावर आडवी झाली. पुटपुटरावांच्या आता ध्यानात आलं आणि त्यांचे कान लालबुंद झाले. पळून जावंसं वाटलं, पण त्यांना आपले सहा जण आठवले. नजर कागदाच्या तळाशी गेली. झाली ती शोभा झालीच होती, म्हणून त्यांनी तेही मोठ्याने वाचलं.

"आता कागद खाली ठेव. शिडीबद्दल बोल. ते तुला येतं."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि शिडी उघडून मधोमध उभी केली. ही आज सकाळी तयार झाली, हिच्यावर अजून कुणी चढलेलं नाही, चाळिसातली एक कच्ची असते, ही ती आहे का मला ठाऊक नाही, असं सांगून ते खरेदीप्रमुखांकडे वळले.

"चढा."

मग ते गप्प राहिले. प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, हेही सासूबाईंनीच शिकवलं होतं. खरेदीप्रमुखांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, बिजागरीकडे पाहिलं, पाय काढून घेतला आणि हल्ली आपला गुडघा दुखतो असं सांगितलं.

"आणि गिऱ्हाइकाचा गुडघा?" मोठे साहेब म्हणाले.

पुटपुटराव स्वतः वर चढले, दोन दणदणीत उड्या मारल्या, उतरून शिक्का मारला. विभाग चालू राहिला आणि सहाही जण कामावर राहिले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. कुठे अडलात, हा त्यांचा पहिला प्रश्न. पुटपुटरावांनी मान खाली घालून कबूल केलं की कंसातलंसुद्धा सगळं वाचलं गेलं. बायको हसून हसून जमिनीवर बसली.

सासूबाई हसल्या नाहीत. "माझी वाक्यं?" त्यांनी विचारलं. "मोठ्याने?"

"शेवटच्या रांगेपर्यंत, आई."

एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणाऱ्या त्या बाईने पदर डोळ्यांना लावला आणि मूठ नसलेलं दार ढकलून जावयाला घरात घेतलं. मग म्हणाल्या, "लोक हसले कुठे, ते नीट सांगा बरं."