लोडरचा बसका हात

मे महिन्याची सुट्टी लागली आणि ललिताला खोलीत करमेनासं झालं. पोलादपूरच्या शाळेत ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शाळा असली की दिवस कसा सरायचा ते कळत नसे. आता सकाळी नवऱ्याचा डबा भरून दिला, भांडी घासली, की पुढे नुसतं ऊन.

नवरा, श्रीपत, आंबेनळी घाटात कामाला होता. मागल्या पावसात दरड कोसळून रस्त्याच्या कडेला माती-दगडांचा ढीग पडला होता, तो यंदाच्या पावसाआधी उचलायचा ठेका महाडच्या एका शेठनं घेतला होता. शेठनं मुंबईहून एक जुना छोटा ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या पुढे दोन लोखंडी हात आणि हातांच्या टोकाला बकेट, म्हणजे दातेरी लोखंडी खोरं; या सगळ्याला लोडर म्हणायचं. तेलाच्या दाबावर हात वर जायचे, बकेट भरून माती ट्रकमध्ये पडायची. पोलादपुरात असलं यंत्र दुसरं नव्हतं, आणि ते चालवणारा श्रीपत एकटाच.

एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "आज हात जरा जास्तच बसला."

"कुणाचा हात?" ललितानं दचकून विचारलं.

तो हसला. "अगं, लोडरचा. वर करून ठेवला तर तसाच राहायला पायजे. हा हळूहळू खाली येतो. आत कुठंतरी तेल मुरतंय."

"मग कुणाला लागलं म्हणजे?"

"लागतंय काय! मुंगीच्या चालीनं येतो. सकाळी मी बघितलंय ना, वर केला तर चांगला दोन तास हलत नाही."

त्याच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. ललिताच्या डोक्यातून मात्र तो जाईना. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना, तिसऱ्या दिवशी नळावर, तिला तो न दिसलेला लोखंडी हात दिसत राहिला. आपण उगाच घोर लावून घेतोय हेही तिला कळत होतं. शेवटी चौथ्या दिवशी तिनं श्रीपतला डबा दिलाच नाही. "दुपारी गरम घेऊन येते," म्हणाली, आणि महाबळेश्वरच्या एसटीत बसून घाटात उतरली.

जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. घाटाच्या त्या वळणावर एका बाजूला उभा कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. सावलीला एक झाड नव्हतं. श्रीपतनं ट्रॅक्टर थांबवून लोडरचे हात वर करून ठेवले होते. हातांवर ताडपत्री टाकलेली, आणि त्या सावलीत सात-आठ मजूर बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांची घमेली, पाण्याचे हंडे वर बकेटीत ठेवलेले, म्हणजे कुणाचा पाय लागायला नको. बकेटीखालच्या आडव्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत मूल झोपलं होतं.

ललिता जागीच थांबली.

"ये, ये," श्रीपत ट्रॅक्टरमागच्या दगडावरून म्हणाला. "कसली गर्मी आहे बघ!"

तिनं डबा त्याच्या हातात दिला, पण बसली नाही. तिची नजर झोळीवर होती. आली तेव्हा झोळीच्या तळाखालून पलीकडच्या बाईची पावलं दिसत होती. श्रीपतनं डबा उघडला, आमटीचा वास घेतला, दोन घास खाल्ले. ललितानं पुन्हा पाहिलं. पावलं दिसेनाशी झाली होती. झोळीचा तळ खडीला टेकत होता, आणि वरची बकेट, तिच्या दातांसकट, पोराच्या तोंडावर ओणवली होती.

"अहो, उठा! तो खाली आलाय!"

श्रीपतला काय ते कळेपर्यंत ती ताडपत्रीखाली शिरलीसुद्धा. झोळीपाशी तिचा हात एक क्षण अडखळला. ती महाडजवळच्या नाते गावच्या बौद्धवाडीतली. परजातीच्या परक्या बाईचं मूल न विचारता उचललं की काय काय ऐकावं लागतं, ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं होतं. मग तिनं मूल उचललंच. ते किंचाळून रडायला लागलं.

आई, चंद्रभागा, हातातली भाकरी टाकून धावली. "ओ बाई! पोराला कशाला हात लावलात? निजलेला हाय तो!"

"बकेट खाली येतेय. तुम्ही सगळ्या आधी बाहेर व्हा."

"ती रोजच येते. डायवर वर घेतो परत." चंद्रभागेनं मूल हिसकून घेतलं. "मंग ह्याला ठेवू कुठं? उन्हात? तुमच्या साळंत नेऊन ठेवू?"

कोंडाजी मुकादम दुरून ओरडला, "काय चाललंय, मास्तरीणबाई? पाच मिनिटं जेवू द्या त्यांना!"

श्रीपत एव्हाना ट्रॅक्टरवर चढला होता. त्यानं इंजिन सुरू केलं, हात वर घेतले, आणि खाली उतरून ललिताला बाजूला ओढलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"घरात बोललो ते इथं चारचौघांत काढायचं होतं? मी लक्ष ठेवून असतो ना?"

"तुम्ही जेवत होता," ललिता म्हणाली.

तो डबा अर्धा तसाच ठेवून निघून गेला.

ललिता परत गेली नाही. रस्त्याच्या कडेला छत्री उघडून बसली आणि चंद्रभागेला म्हणाली, "मूल माझ्यापाशी द्या. मी कामाला नाही, मला कुठं जायचं नाही." चंद्रभागेनं पोर कडेवर घट्ट धरलं. मुकादमानं हाक मारल्यावर मात्र तिला घमेलं उचलावं लागलं. तिनं पोर छत्रीखाली आणून ठेवलं, ललिताच्या मांडीवर नव्हे, शेजारी, पोत्यावर. संध्याकाळपर्यंत पोर रांगत रांगत मांडीवर आलंच. चंद्रभागेनं ते दोनदा पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

घरी नवराबायको बोलत नव्हती. श्रीपत ताट पुढे घ्यायचा, जेवायचा, हात धुवायचा. ललिता मात्र रोज जातच राहिली, डबा आणि छत्री घेऊन. बाया तिथंच जेवायच्या, श्रीपत अधूनमधून उठून हात वर घ्यायचा, ललिता पोराला घेऊन लांब बसायची. तिला घास गोड लागत नव्हता. एक डोळा पोरावर आणि एक त्या ताडपत्रीवर.

रविवारी काम बंद असायचं. त्या रविवारी श्रीपत कुणाला न सांगता घाटात गेला. त्याला हे एकदाचं मिटवायचं होतं. बायकोला सांगायचं होतं, बघ, मी स्वतः पाहिलं, तुझं खोटं. सकाळच्या गारव्यात त्यानं रिकामे हात वर केले. दगडावर बसून बिड्या ओढल्या. हात जेमतेम वीतभर खाली आला. त्याला बरं वाटलं.

मग रोजच्यासारखंच करून बघावं म्हणून त्यानं तासभर मातीचे ढीग इकडचे तिकडे केले. ऊन डोक्यावर आलं. तेलाच्या टाकीला हात लागेना इतकी ती तापली. त्यानं घमेल्यांच्या वजनाइतके दगड बकेटीत टाकले, हात वर केले, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

बिडी संपायच्या आत बकेट त्याच्या छातीपर्यंत आली होती. तो उठला नाही. बघत राहिला. कसला आवाज नाही, झटका नाही. लोखंड आपलं खाली येत होतं, आणि थोड्याच वेळात ते जमिनीवर टेकून बसलं. आजवर त्यानं नीट निरखलं होतं ते फक्त सकाळी, तेल गार असताना, बकेट रिकामी असताना; दुपारी तो मध्येच वर घेत असल्यानं हात किती बसतो ते कधी दिसलंच नव्हतं. तापलं की तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि बारक्या फटीतूनही पळतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ते आणि बायांची दुपार त्यानं कधी एकत्र धरलं नव्हतं. तो तिथून एसटी धरून थेट महाडला गेला.

शेठ म्हणाला, "माती उचलतोय ना? मग झालं. पाऊस तोंडावर आलाय, आता खोलाखोल नको."

"मग दुसरा ड्रायव्हर बघा," श्रीपत म्हणाला. आपण हे बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "माझ्याच्यानं तो हात माणसांवर धरवणार नाही."

दुसरा ड्रायव्हर मिळणार नव्हता. शेठनं शिव्या घातल्या आणि महाडचा फिटर हैबती याला पाठवलं.

सोमवारी हैबतीनं हातांखाली लाकडाचे ओंडके लावले, तेलाचे पाइप सोडले आणि हात उचलणाऱ्या सिलिंडरची खालची तोंडं घट्ट बंद केली, वरची उघडी ठेवली. मग सगळ्यांना लांब करून ओंडके एकेक काढले. हात तरीही खाली आला.

"वाल्वमधून तेल जात असतं तर आता थांबला असता," हैबती म्हणाला. "म्हणजे दट्ट्याचं सील गेलंय." सिलिंडर खोलल्यावर रबराचं सील त्याच्या बोटांत चुरा होऊन आलं. नवीन सील मुंबईहून यायला आठवडा लागला. तेवढे दिवस माती माणसांनी उपसली, आणि कोंडाजी मुकादम येता-जाता श्रीपतला ऐकवत राहिला. बायाही कुरकुरल्या, काम दुप्पट झालं होतं.

सावलीच्या ताडपत्रीला आधार हवाच होता. श्रीपतनं पोलादपूरहून चार वासे आणले आणि ललितानं ते दगड रचून उभे करायला हात लावला. चंद्रभागा मदतीला आली. वासा धरून उभी असताना ती हळूच म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी बोलले ते मनात ठेवू नका. पोराचं नाव सदू हाय. तुम्ही त्याला नुसतं बाळ बाळ करता."

सील बसवल्यावर हात जिथल्या तिथं राहायला लागला. श्रीपतनं दुपारच्या उन्हात, दगड भरून, तो ललितासमोर वर धरून दाखवला. केसभर हलला नाही. "आता?" त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता.

"आता छान," ती म्हणाली. "पण खालीच ठेवा."

त्यानं मुकाट्यानं बकेट जमिनीवर टेकवली.

जूनमध्ये घाटाचं काम उरकलं, शाळा सुरू झाली. श्रीपत ट्रॅक्टर घेऊन महाडजवळच्या वीर गावाकडं एका कामावर गेला. रोज घरी आला की पाय धुवायच्या आधी तो यंत्राची सगळी दुखणी सांगत बसायचा, कुठला पाइप घामाळला, कुठला बोल्ट ढिला झाला. ललिता ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मध्येच थांबायची. मग मुलंच ओरडायची, "बाई, हातचा राहिला!"