क्लेमेंटीनच्या घरचे

"युजीनच्या घरचे, उद्या जेवायला या हो!"

अंगणातून लग्नघरच्या फ्लॉईडची हाक आली. क्लेमेंटीन आत कच्ची केळी सोलत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली. पण ओ दिली नाही.

गिरीज गावच्या त्या आळीत लग्नाचं बोलावणं असंच व्हायचं. अंगणात उभं राहून घरच्या पुरुषाच्या नावाने हाक मारायची, आतून कुणीतरी "आलो हो" म्हणायचं, की त्या घराचं पान धरलं. या घराला आधी बाबांच्या नावाने हाक यायची, मग भावाच्या, युजीनच्या. क्लेमेंटीनचं लग्न राहूनच गेलं. युजीनला मातीत ठेवून कितीतरी पावसाळे लोटले, तरी हाक त्याचीच यायची आणि "आलो हो" ती म्हणायची.

"क्लेमेंटीनबाय! झोपलात काय?"

"जागी आहे."

"मग ओ द्या की. अजून अर्धी आळी फिरायचीय मला."

"ज्याला बोलावतोस तो चर्चमागे निजलाय. तिकडे जाऊन हाक मार."

फ्लॉईड हसला. "काय बाय, सकाळी सकाळी!"

"माझ्या नावाने बोलाव. देते ओ."

त्याचं हसू अडकलं. त्याने शेजारच्या कुंपणाकडे पाहिलं. "बाईच्या नावाने कुणी हाक मारलीय कधी? लोक मला हसतील. तुम्ही या ना, तुमचं पान आहेच."

"युजीनचं आहे."

तो चपला फरफटत निघून गेला.

मागल्याच आठवड्यात चर्चकडून रोझलिन आली होती, एकट्या राहणाऱ्यांना काय हवं-नको ते विचारायला.

"आजी, डबा सुरू करू?"

"नको गं. तुमच्या डब्यावर माझं मांजर माजेल."

"मग हवंय तरी काय?"

तेव्हा तिला सांगता आलं नव्हतं. एवढ्या गोड पोरीपुढे ते मागणं म्हातारीचा हट्ट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला लग्नघरी बँड वाजू लागला. क्लेमेंटीनने पेटीतलं लाल लुगडं काढून नेसलं आणि ओटीवर येऊन बसली. नटलेल्या बायका वाटेने गेल्या. "चला हो बाय," एकजण चालता चालता म्हणाली, थांबली नाही.

वाट रिकामी झाली. तशी ती उठली, अंगणात काल फ्लॉईड जिथे उभा होता त्या माडाशी गेली आणि स्वतःच्या दाराकडे तोंड करून हलकेच म्हणाली,

"क्लेमेंटीनच्या घरचे, जेवायला या हो."

मग लगबगीने पायऱ्या चढून आत शिरली. दाराआड थांबून तिने दम खाल्ला.

"आले हो."

तिने मूठभर तांदूळ धुऊन शिजत ठेवले. लुगडं मात्र बदललं नाही.